कर्जाच्या अर्जांतील खोटा आंकडा



ठाण्यास खोपटच्या एस. टी. आगाराच्या आसपास उभ्या राहिलेल्या उंच इमारतींकडे पाहिलें, म्हणजे मनांत येतें, कीं यांतील कितीतरी बिऱ्हाडें वीस-वीस वर्षांच्या कर्जाच्या आधारानें येथें राहावयास आलीं असतील. अशा प्रत्येक कर्जाच्या मुळाशीं एक अर्ज असतो. तो घाईघाईनें भरला जातो, दलाल बोट ठेवील तेथें सही केली जाते, आणि पुढें त्याची आठवणहि राहत नाहीं. कायदा मात्र तो अर्ज विसरत नाहीं.

समजा, एका गृहस्थांचें मासिक वेतन 45,000 रुपये आहे. मनांत भरलेल्या घरासाठीं तें अपुरें पडतें. दलाल म्हणतो, "साहेब, काळजी कशाला? पगाराची पावती मी करून देतों." अर्जांत 70,000 हा आंकडा पडतो, कर्ज मंजूर होतें, वास्तुशांतहि होते. गृहस्थांची समजूत अशी, कीं मी हप्ते वेळेवर भरीत असतां यांत कोणाचें काय बिघडलें?

या समजुतींत मोठी चूक आहे. कर्ज फेडतां न येणें हा गुन्हा नव्हे. नोकरी गेली, आजारपण आलें, हप्ते थकले, तर तो देण्याघेण्याचा प्रश्न राहतो. परंतु कर्ज मिळविण्यासाठीं बुद्ध्या खोटें सांगणें हा गुन्हा आहे, आणि तो पैसे हातीं पडतांच पुरा होतो. मागाहून भरलेल्या हप्त्यांनीं तो पुसला जात नाहीं.

फसवून दुसऱ्याची संपत्ति मिळविणाऱ्यास पूर्वीं 1860 च्या भारतीय दंड विधानाचें कलम 420 लागत असे. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली असून तिच्या 318 व्या कलमांत या अपराधास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. त्या तारखेपूर्वीं केलेल्या कृत्यास जुनाच कायदा लागतो. पगाराची पावती बनावट असेल, तर फसवणुकीच्या हेतूनें बनावट दस्त करणें हा निराळा अपराध होतो. कलम 336 प्रमाणें त्यासहि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कागद दलालानें बनविला, ही सबब येथें उपयोगी पडत नाहीं. तो बनावट आहे हें ठाऊक असून खरा म्हणून पुढें करणारासहि कलम 340 प्रमाणें तो बनविणाराइतकीच शिक्षा होऊं शकते.

कित्येकांस वाटतें, कीं कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे प्रकरण मिटलें. परंतु तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या अपराधास आपल्या फौजदारी कायद्यांत मुदतीची मर्यादाच नाहीं. बाराव्या वर्षीं हप्ते थकले आणि बँकेनें जुनें दप्तर उघडलें, तर ती पावती तेथें असतेच.

दिवाणी बाजूहि तितकीच कठीण आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 19 व्या कलमानुसार कपटानें संमति मिळविली असल्यास फसलेल्या पक्षास करार रद्द करतां येतो. माहिती खोटी ठरल्यास सर्व रक्कम एकदम मागण्याची अटहि कर्जकरारांत सहसा असते. देणें थकून खातें अनुत्पादक ठरलें, कीं 2002 च्या सरफेसी कायद्यान्वयें बँक 60 दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावतां, घराचा ताबा घेण्याची पावलें उचलूं शकते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत दाद मागतां येते. पण स्वतःचा अर्जच खोटा असलेला मनुष्य तेथें कोणत्या तोंडानें उभा राहणार? रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या निर्देशांप्रमाणें कर्जदारावर फसवणुकीचा शिक्का मारण्यापूर्वीं त्यास उत्तरासाठीं निदान 21 दिवस द्यावे लागतात. मात्र शिक्का बसल्यावर फसवणुकीची रक्कम पूर्ण फेडल्यापासून पुढें पांच वर्षें बँकांचे दरवाजे त्यास बंद राहतात.

खोटा कागद काय करतो, हें पाहावयास दूर जाणें नको. कल्याण-डोंबिवलींत महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम-परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळविलेल्या 65 इमारतींचें प्रकरण गाजलें. 19 नोव्हेंबर 2024 रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. लबाडी परवानग्यांत होती. घर जाण्याची पाळी आली, ती कर्ज काढून तेथें संसार थाटलेल्या कुटुंबांवर. तीं कुटुंबें निदान "आमची फसवणूक झाली" असें म्हणूं शकतात. ज्यानें स्वतःच्याच अर्जांत खोटा आंकडा घातला, त्यास तेंहि म्हणतां येत नाहीं.

तेव्हां कोऱ्या अर्जावर सही करूं नये. दलालानें भरलेला अर्ज ओळीनें वाचावा व त्याची प्रत घरीं ठेवावी. चूक आढळल्यास पैसे हातीं येण्यापूर्वींच ती बँकेस लेखी कळवावी. वेतन अपुरें पडत असेल, तर मिळवत्या पत्नीस किंवा मुलास सहअर्जदार करावें, मुदत वाढवून मागावी, अथवा एक खोली कमी असलेलें घर पाहावें. लहान घरांत अडचण होईल. परंतु दारावर टपालवाला आला म्हणजे छातींत धस्स होणार नाहीं.