आगरातले मीठ आणि पिवळी ज्योत

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरे पाहून एका शाळेत पोहोचलो, तेव्हा मुले वाट पाहत होती. मी कोल्हापूरचा, निवृत्त रसायनशिक्षक. चार पुड्या आणि विजेच्या जुन्या शेगडीच्या कॉइलमधली वीतभर नायक्रोमची तार, एवढेच माझे सामान. ज्योत म्हणाल तर शिपाईकाकांच्या चहाच्या गॅस-शेगडीची, निळी.

पुस्तकात प्लॅटिनमची तार असते. शाळेच्या कपाटात ती मी क्वचितच पाहिली. तारेच्या टोकाला वेढा करावा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरावा, आणि ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हेच करीत राहावे. मग ओला वेढा मिठाला टेकवायचा. पिवळा झोत उठला तशी एक मुलगी म्हणाली, "सर, हळद घातलीत काय?"

मोरचूद बागायतदाराच्या घरी असतेच. पोफळीच्या कोळेरोगावर ते चुन्यात कालवून फवारतात. त्याची ज्योत हिरवी, कडेला निळसर. कॅरमची पावडर खरी बोरिक असेल तर ज्योत पोपटी होते. खायचा चुना आम्लात विरघळविला की विटकरी. माडाच्या झावळ्यांच्या राखेत पालाश असते, तेव्हा ज्योत जांभळी यावयास हवी. पण राखेत मीठही असते, आणि मीठ कुणाला पुढे येऊ देत नाही. निळी कोबाल्ट काच डोळ्यांपुढे धरली तेव्हा कुठे जांभळा दिसला!

या पिवळ्या रंगाने मोठमोठ्यांनाही चकविले आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास ग्रहणाची छाया पेडण्याच्या उत्तरेस विजयदुर्गावरून पुढे गुंटूरकडे गेली. सूर्याच्या कडेला निरीक्षकांना एक पिवळी रेघ दिसली. सोडियमच्या रेघा 589 नॅनोमीटरपाशी असतात, ही 587.6 वर, म्हणून बऱ्याच जणांना ती सोडियमचीच वाटली. हे मूलद्रव्य निराळे, असे पुढे लॉकियरने ठरविले. तेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्सेला सापडले 1895 साली. मूळ गोष्ट एकच: तापलेल्या अणूतला इलेक्ट्रॉन वर चढतो, आणि उतरताना आपल्या ठराविक रंगाचा प्रकाश टाकतो.

दुसऱ्या दिवशी डिचोलीला एका मुलाने चिमटीतून खाणीची तांबडी माती आणली. "लोखंडाचा रंग दाखवा." ज्योत पिवळी झाली आणि स्वारी खूश! पण ते त्याच्या बोटांच्या घामातले मीठ. कागदावरून घेतलेल्या मातीने काहीच रंग दिला नाही. हे खनिज गॅसच्या ज्योतीत वाफ होऊन उडत नाही. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, "वहीत 'रंग नाही' असे लिही."

तिथल्या मास्तरांनी टेबलावर बशा मांडल्या होत्या. बशीत क्षार घालून त्यावर स्पिरिट पेटविले की देखावा सुरेख होतो, हे मलाही ठाऊक आहे. तरुणपणी मी तेच केले होते. ज्योत विझली असे समजून बाटली कलती केली. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही. ती बाटलीत शिरली आणि भडका उडाला. पुढच्या बाकावर त्या दिवशी कुणी नव्हते, एवढेच माझे दैव. मी डाव्या हाताची बाही वर केली. मास्तर काही बोलले नाहीत. बाटलीला टोपण लावून ते ती दुसऱ्या खोलीत ठेवून आले, आणि मुले तारेला वेढा करू लागली.