रिमोटच्या विमानावर कॅमेरा: ऐकीव आणि खरं

रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानाला छोटा व्हिडिओ कॅमेरा लावायचा म्हटलं की पहिली शंका निघते ती वजनाची. विमान जड होईल, उचलणारच नाही, पडेल. हिशेब मांडून बघू. शिकाऊ विमान बॅटरीसकट साधारण ८०० ग्रॅमचं धरा आणि काडेपेटीएवढा कॅमेरा ४० ग्रॅमचा. वजन वाढलं ५ टक्के. विमानाला हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे जेमतेम अडीच टक्के. उडवणाऱ्याच्या हाताला तो फरक जाणवतही नाही.

छत्तीसगडमधल्या भिलाईत याहून मोठा फरक ऊन पाडतं. डिसेंबरच्या सकाळी तापमान १२ अंश असेल आणि मेच्या दुपारी ४४, तर दुपारची हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते. त्याच विमानाला तेव्हा पाच टक्के जास्त वेग लागतो. कॅमेरा न लावताही दोन कॅमेरे चढवल्यासारखंच झालं. शिवाय तापलेल्या मैदानावरून उठणारे हवेचे लोट विमानाला हेलकावे देतात आणि चित्र बघवत नाही. हिवाळ्यात सूर्य वर आल्यावरचा पहिला तासभर, वारा पडलेला असताना, यासाठी सगळ्यात चांगला.

खरा प्रश्न आहे तो तोलाचा. बहुतेक शिकाऊ विमानांचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा लागतो. पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर पाच ते साडेसहा सेंटीमीटर. तिथे खूण करा. या खुणेच्या २० सेंटीमीटर पुढे, नाकावर, तो ४० ग्रॅमचा कॅमेरा चिकटवला की गुरुत्वमध्य जवळजवळ एक सेंटीमीटर पुढे सरकतो. विमान नाक खाली घालू लागतं, उतरताना वेगानं येतं आणि आपण कॅमेऱ्याच्या वजनाला दोष देतो. उपाय फुकटचा आहे. १८० ग्रॅमची बॅटरी साडेचार सेंटीमीटर मागे सरकवा, वेल्क्रोनं घट्ट बांधा, मग पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या खुणेवर बोट धरून विमान उचला. ते आडवं राहिलं की झालं.

नाक जड होतं म्हणून कॅमेरा शेपटाकडे नेणारे भेटतात. तसं मुळीच करू नका. नाक जड असलेलं विमान जमिनीवर आणता तरी येतं. शेपूट जड झालेलं विमान हातातून सुटल्याबरोबर नाक वर करतं, वेग गमावतं आणि सावरायला वेळच देत नाही. पोटाखालची जागाही मोहात पाडते, पण बिनचाकाचं विमान पोटावरच उतरतं आणि गवतात पहिला घासला जातो तो कॅमेराच.

चित्र जेलीसारखं थरथरलं की दुकानदार महागडा कॅमेरा सुचवतो. पैसे घालवण्याआधी कारण समजून घ्या. या कॅमेऱ्यांचा सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, तो ओळीमागून ओळ वाचत जातो. प्रॉपेलर मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५०, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात पाच फेरे. पातं किंचितही असमतोल असलं की वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कॅमेरा हललेला असतो. चित्र ४-के असलं तरी ते थरथरणारच, फक्त जास्त बारकाईनं. प्रॉपेलर काढून आडव्या तारेवर ठेवा. एक पातं खाली झुकलं तर दुसऱ्या, हलक्या पात्याच्या मागे सेलोटेपचा बारीक तुकडा लावा आणि पुन्हा बघा. हे जमेपर्यंत करत राहायचं. मग कॅमेऱ्याखाली मऊ फोमचा तुकडा द्या. दहापैकी नऊ रुपये इथेच वाचतात.

कॅमेरा लावला की जमिनीवर बसून विमानातून दिसेल, असंही पुष्कळांना वाटतं. साधा कॅमेरा फक्त कार्डावर नोंद करतो. थेट बघायचं तर वेगळा व्हिडिओ ट्रान्समीटर लागतो. तो २.४ गिगाहर्ट्झचा घेतलात आणि तुमचा रिमोटही त्याच पट्ट्यावर चालत असला, तर शेजारीच बसलेला ट्रान्समीटर रिसीव्हरला बहिरा करतो. व्हिडिओ ५.८ वर ठेवा, दोन्ही अँटेना एकमेकींपासून लांब लावा आणि मोटार बंद, पण कॅमेरा चालू ठेवून, चालत दूर जाऊन रिमोट पोहोचतो का ते आधी तपासा.

आता नियम. ‘आमचं विमान आहे, ड्रोन नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. ड्रोन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर २००९च्या ‘थ्री इडियट्स’मधलं, वसतिगृहाच्या खिडकीशी जाऊन थबकणारं चार पंख्यांचं यंत्र येतं. पण २५ ऑगस्ट २०२१ला आलेल्या ड्रोन नियमांत पंखांचं विमानही तितकंच मोडतं. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, २५ किलोच्या आतलं आणि डोळ्यांना दिसत राहील असंच उडवलेलं मॉडेल असेल, तर त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंत आणि धंद्यासाठी नसेल तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. नोंदणी मात्र करायची आणि २५० ग्रॅमच्या वर असेल तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही काढायचा. थेट व्हिडिओच्या चष्म्यातून बघत उडवणाऱ्यांनी ‘डोळ्यांना दिसत राहील’ हे शब्द पुन्हा वाचावेत.

उलट टोकाचा समज असा, की विमानतळ जवळ असल्यामुळे भिलाईत उडवताच येत नाही. याला एकेकाळी आधार होता. आधीच्या नियमांत विमानतळाभोवतीचा पिवळा, म्हणजे परवानगी घेऊनच उडवायचा, पट्टा ४५ किलोमीटरचा होता आणि रायपूरचा माना विमानतळ भिलाईपासून सरळ रेषेत त्याहून जवळ आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये तो पट्टा १२ किलोमीटरवर आला. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण नंदिनीला धावपट्टी आहे, पोलाद कारखान्यावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे आणि राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे बंदीचा, करू शकतं. म्हणून दर वेळी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडायचा आणि कारखान्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

शेजाऱ्यांची भीती वेगळी: वरून घरात डोकावतील. १२० मीटरवरून रुंद भिंगाचा कॅमेरा सरळ खाली बघत असेल तर सुमारे ४०० मीटर रुंदीची जमीन एका चित्रात येते. १,९२० ठिपक्यांच्या चित्रात एका ठिपक्याला वीसेक सेंटीमीटर, म्हणजे अंगणातला माणूस दोन-तीन ठिपक्यांचा. हे चित्र दाखवलं की बहुतेकांची शंका फिटते. ३० मीटरवर मात्र एक ठिपका पाच सेंटीमीटरचा होतो, वाळत घातलेले कपडेही कळू लागतात, आणि तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते. इतक्या खाली उडवायचं तर क्वार्टर्सच्या रांगांपासून लांब, रिकामं मैदान गाठावं.