सहा टक्के कुठे गेले?

सिम्युलेशनचा सराव म्हणून मी मध्यंतरी पोकरचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. उत्तर 60 टक्क्यांच्या आसपास यायला हवं होतं, येत होतं 54. दोन संध्याकाळी कोडमधली चूक शोधण्यात गेल्या. चूक कोडमध्ये नव्हतीच.

प्रश्न असा होता. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). समजा, तुमच्या हातात बदामची नव्वी आणि अठ्ठी आहे. फ्लॉपवर बदामची दश्शी, बदामची सत्ती आणि इस्पिकची दुर्री आली. आता आणखी एक बदाम आला की पाच बदाम, म्हणजे फ्लश. कुठलाही गुलाम किंवा छक्की आली की ओळीने पाच, म्हणजे स्ट्रेट. रिव्हरपर्यंत यातलं काहीतरी जुळण्याची शक्यता किती?

आधी उपयोगी पत्ते मोजू. खेळाडू त्यांना ‘आउट्स’ म्हणतात. उरलेले बदाम 9. गुलाम आणि छक्क्या मिळून 8. बेरीज 17, पण बदामचा गुलाम आणि बदामची छक्की दोन्हीकडे मोजली गेली, म्हणून 2 वजा. आउट्स 15. न पाहिलेले पत्ते 52−5=47. इतरांच्या हातातले पत्तेही यातच धरायचे, कारण ते काय आहेत हे आपल्याला माहीत नाही.

खेळाडूंचा ठोकताळा सांगतो: दोन पत्ते यायचे असतील तर आउट्सना 4 ने गुणा. 15×4=60. माझे 60 टक्के इथून आले होते.

अचूक उत्तर उलट बाजूने सोपं पडतं. दोन्ही वेळा काहीच न जुळण्याची शक्यता 32/47 × 31/46, म्हणजे 45.9 टक्के. म्हणून जुळण्याची 54.1 टक्के. प्रोग्राम बरोबर होता!

मग ठोकताळा कुठे घसरला? टर्नला 15/47, रिव्हरलाही (टर्नचा पत्ता अजून माहीत नसताना) 15/47. बेरीज 63.8 टक्के. पण दोन्ही पत्ते कामाचे निघाले, ती शक्यता यात दोनदा आली. ती 15/47 × 14/46, म्हणजे 9.7 टक्के. वजा केली की 54.1.

नुसता फ्लश हवा असेल, म्हणजे 9 आउट्स, तर दोनदा मोजलेला भाग फक्त 3.3 टक्के असतो. अचूक उत्तर 35.0, ठोकताळा 36. तिथे चालून जातं. आउट्स वाढले की हा भाग साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ठोकताळा कोलमडतो.

गंमत म्हणजे, आउट्स मोजताना मी हेच 2 आठवणीने वजा केले होते. पुढच्याच पायरीला तीच चूक तयार सूत्रात लपलेली होती आणि मी ते सूत्र न तपासता स्वतःच्या कोडवर संशय घेतला. तुम्हीही सिम्युलेशन पडताळायला एखादा ठोकताळा वापरणार असाल, तर तो कुठपर्यंत चालतो हे आधी कागदावर बघून घ्या.

जाता जाता एक गृहपाठ: 4 आउट्सना ठोकताळा 16 टक्के सांगतो, अचूक उत्तर 16.5 आहे. इथे तो कमी का पडला?