होबोकनचे तीन श्रोते

न्यूयॉर्क शहरासमोर, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या होबोकन या न्यू जर्सी राज्यातील लहानशा नगरात ‘मॅक्सवेल्स’ नावाचे एक मद्यगृह होते, आणि त्याच्या मागील दालनात नव्या रॉक बँडांच्या मैफली होत असत. तेथे काही काळ ध्वनिव्यवस्था सांभाळणारे आणि ‘न्यूयॉर्क रॉकर’ या नियतकालिकात इतरांच्या संगीताविषयी लिहिणारे आयरा कॅप्लन यांनी १९८४ साली जॉर्जिया हबली यांच्यासह ‘यो ला टेंगो’ हा बँड उभा केला. कॅप्लन यांच्या हाती गिटार, हबली यांच्याकडे ड्रम, दोघे पतिपत्नी. पुढे १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जेम्स मॅकन्यू हे बेस गिटार घेऊन त्यांना येऊन मिळाले आणि तेव्हापासून हे त्रिकूट अभंग राहिले आहे. तिघेही गातात.

या मंडळींच्या कर्तृत्वाचे मूळ त्यांच्या श्रवणात आहे, असे मला निश्चयाने वाटते. कॅप्लन यांनी वादक म्हणून नाव मिळवण्यापूर्वी समीक्षक म्हणून लेखणी चालवली होती. हबली यांचे मातापिता, जॉन आणि फेथ हबली, हे ऑस्कर पारितोषिकाने गौरविलेले चित्रपटकार. त्यांच्या सचेतन चित्रपटांना बेनी कार्टर, डिझी गिलेस्पी यांच्यासारख्या जॅझच्या मातबर कलावंतांचे साहाय्य लाभले होते, आणि मुलींचे खेळता खेळता चाललेले बोलणे त्यांनी आपल्या चित्रांत जसेच्या तसे वापरले होते. ज्या घरात सहज उच्चारलेला शब्दसुद्धा ध्वनिमुद्रणास योग्य मानला जाई, त्या घरातील कन्येच्या गाण्यात पुढेही काही सजवलेपण आले नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे गवयाचा वारसा त्याच्या घराण्यावरून सांगण्याचा शिरस्ता आहे. या बँडचा वारसा एका घराण्यात बसवू गेल्यास टीकाकार बहुधा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या जुन्या बँडचे नाव घेतात, आणि त्यास आधार आहे. एकाच स्वरावर दीर्घकाळ रेंगाळणारे ऑर्गन, किंचाळत उठणारी गिटार आणि तिच्या शेजारीच कुजबुजल्यासारखे गायन, हा त्या बँडचा दुहेरी स्वभाव १९९३ च्या ‘पेनफुल’ या ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येतो. १९९६ साली ‘आय शॉट अँडी वॉरहॉल’ या चित्रपटात व्हेल्व्हेट अंडरग्राउंडसदृश बँडच्या भूमिकेत हीच मंडळी पडद्यावर आली. परंतु हा दाखला पुरा नव्हे, आणि त्यावरच थांबणाऱ्याच्या हातून या बँडचे मर्म निसटते.

ते मर्म पाहावयाचे तर १९९० च्या ‘फेकबुक’ या ध्वनिमुद्रिकेकडे वळले पाहिजे. तोवर गिटारच्या गदारोळात रमलेल्या या मंडळींनी तेथे ध्वनी एकदम खाली आणला, जुने सहकारी डेव्ह श्रॅम यांची गिटार सोबतीस घेतली, आणि बहुतेक गाणी दुसऱ्यांची निवडली: ‘द किंक्स’, जॉन केल, कॅट स्टीव्हन्स, जीन क्लार्क, डॅनियल जॉन्स्टन. लोकप्रिय आणि विस्मृत, लंडनचा मान्यवर आणि घरच्या घरी कॅसेट मुद्रित करणारा एकाकी कवी, यांना येथे एकाच पंक्तीत पान मांडलेले आहे. आणि परक्या गाण्यांच्या आश्रयाने गाता गाता या दांपत्याला स्वतःचा हळुवार आवाज प्रथम गवसला. ज्या मृदुतेमुळे पुढे ते ओळखले गेले, ती त्यांना उसन्या गाण्यांनी दिली. पुढच्या दशकातील त्यांची उत्तमोत्तम स्वरचित गाणी मला या एका ध्वनिमुद्रिकेची ऋणी वाटतात.

ही वृत्ती पुढे विस्तारतच गेली. १९९७ मध्ये त्यांनी बीच बॉइजचे एक उडते गाणे गिटारच्या घनदाट गुंजनात बुडवून सादर केले. २००० साली जॉर्ज मॅक्रे यांचे नृत्यगीत संथ लयीत आळवले. २००२ साली सन रा यांची अण्वस्त्रयुद्धावरील रचना निरनिराळ्या रूपांत मुद्रित केली, त्यांतील एका रूपात बालकांचा समूहस्वर आहे, आणि तो ऐकताना अंगावर शहारा येतो. त्याच वर्षी फ्रान्सच्या झाँ पँलेव्हे यांच्या सागरी जीवांवरील लघुपटांसाठी रचलेले त्यांचे शब्दविरहित संगीतही प्रसिद्ध झाले. अभिरुचीचे असे औदार्य प्रदर्शनासाठी असते तर ते कधीच कंटाळवाणे झाले असते. येथे प्रत्येक निवडीमागे प्रीती आहे.

तिची सर्वांत कठोर कसोटी लागते ती ‘डब्ल्यू.एफ.एम.यू.’ या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या नभोवाणी-केंद्रात. निधिसंकलनाच्या दिवसांत देणगीदाराने फर्माईश करावयाची आणि मंडळींनी ते गाणे पूर्वतयारीवाचून, केवळ स्मरणावर विसंबून, तत्काळ वाजवावयाचे, अशी वहिवाट १९९६ पासून पडली. शब्द विसरतात, सूर चुकतात, कधी सारा डोलारा मध्येच कोसळतो. पण इतक्या गाण्यांचा सांगाडा स्मरणात बाळगणे हे आयुष्यभराच्या श्रवणाशिवाय साधत नाही. यांतील निवडक सादरीकरणे २००६ साली त्यांनी दोषांसह प्रसिद्ध केली. २००१ पासून हनुक्का या ज्यू सणाच्या आठ रात्री मॅक्सवेल्समध्ये गाण्याचा परिपाठही त्यांनी पाडला. त्यात आमंत्रित कलावंत येत, रोज वेगळी गाणी होत, आणि उत्पन्न धर्मादाय कार्यास जाई; २०१३ साली ते जुने मॅक्सवेल्स बंद पडल्यावर ही प्रथा काही काळाने नदीपार न्यूयॉर्कमध्ये पुन्हा सुरू झाली.

‘फेकबुक’नंतर पंचवीस वर्षांनी, २०१५ साली, श्रॅम यांना पुन्हा बोलावून त्याच पद्धतीने ‘स्टफ लाइक दॅट देअर’ मुद्रित झाले. हँक विल्यम्सच्या विरहगीताशेजारी ‘द क्युअर’चे प्रेमगीत हे आता अपेक्षितच होते. परंतु त्या यादीत त्यांनी स्वतःची जुनी गाणीही घातली; १९९७ साली गिटारच्या गर्जनेत गायिलेले ‘डीपर इन्टू मूव्हीज’ येथे उभ्या बेसच्या आणि मंद ताडनाच्या आधाराने असे हळू गायिले आहे की, ते दुसऱ्या कोणाचे असावे आणि या तिघांनी ते फार वर्षे ऐकत आणलेले असावे, असेच वाटते.