सूरच हाताशी आले

१९६८ सालचा एक फोटो आहे, हेन्री डिल्ट्झने काढलेला. लॉस एंजेलिसमधल्या लॉरेल कॅन्यन भागात, गायिका कॅस एलियटच्या घरामागच्या हिरवळीवर सोनेरी केसांची एक मुलगी गिटार वाजवत बसली आहे. जवळच एरिक क्लॅप्टन. तेव्हाही जगातला अव्वल गिटारवादक! तो टक लावून तिच्या बोटांकडे बघतोय. ही जोनी मिचेल असं वाजवत होती तरी काय?

उत्तर तिच्या डाव्या हातात आहे. कॅनडात १९४३ साली जन्मलेल्या जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला. त्यातून ती सावरली, पण डाव्या हातातला जोर गेला. आणि गिटारवर खरी कसरत डाव्या हाताचीच! बोटं ताणून, तारा घट्ट दाबून एकेक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायची. ते तिला जड जाई. मग तिने काय केलं? सरळ खुंट्या पिळल्या. हात सुरांपर्यंत पोचत नाही ना, मग सूरच हाताशी आणले!

गिटारच्या तारा एरवी ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. त्या नुसत्याच छेडल्या तर धड कुठलीच ओळखीची कॉर्ड निघत नाही. आता त्याच तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावा. म्हणजे आपले सा, प, सा, ग, प, सा. तानपुरा लावावा तशी गिटार आधीच सुरात! डाव्या हाताने स्पर्शही न करता पूर्ण कॉर्ड वाजते. एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकलं की दुसरी.

ही युक्ती ब्लूजवाल्यांना ठाऊक होतीच. जोनी मात्र तिथे थांबली नाही. तिने स्वतःच्या जुळण्या शोधल्या, एक-दोन नव्हे, पन्नासाहून अधिक. दोन तारांवर बोटं सरकतात, बाकीच्या मोकळ्या घुमत राहतात आणि त्यांच्या टकरीतून अशा कॉर्ड जन्मतात की आनंद म्हणावा की दुःख, ठरवताच येत नाही. तिचा 'हेजिरा' (१९७६) हा अल्बम ऐका. तिथे गिटार पुढे पुढे जाते, पण घरी काही पोचत नाही. त्यात काही गाण्यांत जॅको पास्टोरियसचा बास! माझ्या मते तिची सर्वांत धाडसी रेकॉर्ड हीच.

२०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगण्याच्या आजाराने तिला गाठलं. चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. आणि गिटार? बोटं कुठे ठेवायची, हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली! जुलै २०२२ मध्ये, ७८व्या वर्षी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तिने इलेक्ट्रिक गिटार हाती घेऊन एक अख्खी रचना वाजवली.

तिला ऐकायची सुरुवात 'ब्लू' या अल्बमपासून (१९७१) करा. पहिल्या खेपेला शब्दांच्या मागे लागू नका, मोकळ्या तारा ऐका.