कापसाची गाडी आणि पहाटेचे धुके



दिवाळी सरली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या गाड्या खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडे निघतात. काट्यावर नंबर लवकर लागावा म्हणून घरधनी पहाटे तीनलाच उठतो. नेमकी हीच वेळ धुक्याची आणि डुलकीची.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे रात्री जमीन लवकर निवते व लगतच्या ओलसर हवेत धुके धरते. म्हणून ओलिताच्या हरभऱ्या-गव्हाजवळ, नाल्यावरच्या पुलाशी ते दाट असते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मोकळ्या रस्त्यावरून माणूस एकाएकी त्यात शिरतो. घाटावरून राजूर घाट उतरताना तर वळणच दिसत नाही.

माझाच अनुभव सांगतो. एका पौषात मी भल्या पहाटे मोटारसायकलवरून गावी निघालो होतो. समोर पंक्चर झालेली कापसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, ताडपत्री काळपट. मला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. गुडघा फुटला, डोके वाचले ते हेल्मेटमुळे. ट्रॉलीवाला भला माणूस. पाणी पाजत म्हणाला, "साहेब, मागं काही लावायचं राहूनच गेलं." माझ्या मागे मुलाबाळांसह कुणी बसले असते तर?

आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. धुक्यात २० मीटरच दिसत असेल, तर ब्रेक लागताना तीन मीटर उरतात. ताशी २० चा वेग असेल, तर चौदा उरतात. जीव त्या अंतरात आहे.

म्हणून एवढे कराच. ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे तांबड्या, पुढे पांढऱ्या चमकपट्ट्या लावा. पोळ्याला शिंगे रंगवतो, तशी हिवाळ्यात शिंगांनाही पट्टी बांधा. कापूस फाळक्याबाहेर लोंबू देऊ नका. पट्ट्या त्याखाली झाकल्या जातात. मजुरांना कापसावर बसवून नेऊ नका. धुक्यात दिवा खालचाच ठेवा. वरच्या झोताने धुकेच उजळते, रस्ता दिसत नाही. गाडी बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्या, मागे लांबवर खूण ठेवा आणि निघताना मांडलेले दगड आठवणीने उचला. रस्त्यालगत पऱ्हाट्या पेटवू नका. धुक्यात धूर मिसळला की काहीच दिसत नाही.

झोपेशी पैज नको. १ जुलै २०२३ रोजी उत्तररात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तो हिवाळा नव्हता, पण वेळ रात्रीचीच होती. ओलितासाठी रात्र जागवली असेल, तर पहाटे गाडी हाकू नका, दुसऱ्याला द्या.

भगिनींनो, घरधनी निघण्याआधी त्या पट्ट्यांवरची धूळ ओल्या फडक्याने तुम्हीच पुसा, आणि "दिवस उजाडल्यावर निघा" असे हक्काने सांगा. नंबर दोन तास मागे जाईल, एवढेच. कापूस तेवढ्याने नासत नाही.