दोन्ही इंजिनं चालू होती, तरी विमान समुद्रात कोसळलं. विमानाचा 'स्टॉल' म्हणजे नेमकी काय भानगड असते ?

१ जून २००९. ब्राझीलच्या रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरावर होतं. आत २१६ प्रवासी आणि १२ कर्मचारी. मध्यरात्रीनंतर हे विमान गायब झालं. २२८ पैकी एकही जण वाचला नाही.

ब्लॅक बॉक्स सापडायला जवळपास दोन वर्षं गेली. तो होता समुद्राखाली सुमारे ३,९०० मीटरवर. त्यातली माहिती बाहेर आली तेव्हा सगळे चक्रावले. दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. स्फोट झाला नव्हता, विमान हवेत तुटलंही नव्हतं.

विमान 'स्टॉल' झालं होतं. आणि स्टॉलमधून बाहेर कसं पडायचं हे तर प्रत्येक शिकाऊ पायलटला शिकवलं जातं.

मग हा स्टॉल म्हणजे काय ?

स्टॉल म्हटलं की आपल्याला वडापावचा आठवतो. ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांना वाटतं, स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडलं. पण विमानात स्टॉल इंजिनाचा नसतो, पंखाचा असतो.

हे समजायला लहानपणीचा उद्योग आठवा. चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर हात काढायचा आणि तळवा आडवा धरायचा. (आता करू नका, एसटीत हात बाहेर काढू नये असं उगाच लिहिलेलं नसतं.) तळव्याची पुढची कड थोडी वर केली की हात आपोआप वर उचलला जायचा. पण तळवा फारच उभा केला की वर जाणं बंद, हात नुसता मागे ढकलला जायचा.

विमानाच्या पंखाचंही ढोबळमानाने तसंच आहे. पंख समोरून येणारी हवा खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातल्या कोनाला पायलटच्या भाषेत 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. हा कोन वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. शिकाऊ विमानांत ही मर्यादा साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान असते. त्यापुढे गेलं की पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे तयार होतात आणि उचल झपकन कमी होते. हाच स्टॉल.

आता इथं एक मोठा गैरसमज असतो. वेग कमी झाला की स्टॉल होतो, असं अनेकांना वाटतं. वेग कमी असताना तीच उचल मिळवायला कोन वाढवावा लागतो, म्हणून तेव्हा धोका जास्त हे खरं. पण कोन मर्यादेबाहेर गेला तर स्टॉल कुठल्याही वेगाला होतो. उंची राखून ६० अंश कललेलं वळण घेतलं, तर सरळ उडताना ५० नॉट्सला स्टॉल होणारं विमान ७० नॉट्सच्या आसपासच स्टॉल होतं. म्हणून रनवेकडे वळताना, जमीन जवळ असताना, नवख्या पायलटला जास्त कललेलं वळण घेऊ देत नाहीत.

यातून बाहेर कसं पडायचं ?

बारामती असो नाहीतर गोंदिया, शिकाऊ पायलटकडून स्टॉलचा सराव करून घेतलाच जातो. पुरेशी उंची गाठायची, पॉवर कमी करायची, नाक हळूहळू वर उचलत न्यायचं. विमान थरथरतं, धोक्याचा आवाज होतो आणि नाक खाली पडतं.

इथं माणसाचं मन सांगतं, खाली चाललोय, वर ओढ. पण वर ओढलं की कोन अजून वाढतो आणि स्टॉल अजून पक्का होतो. करायचं असतं बरोबर उलटं. आधी नाक खाली, मग पॉवर. जमीन खाली दिसत असताना नाक तिच्याकडेच वळवायचं. हे अंगवळणी पडावं म्हणूनच पुन्हा पुन्हा सराव.

मग त्या रात्री काय झालं ?

विमान विषुववृत्ताजवळच्या अशा पट्ट्यातून जात होतं जिथं उत्तर आणि दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे एकमेकांना भिडतात आणि प्रचंड गडगडाटी ढग तयार होतात. हाच पट्टा उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो, आपला मान्सूनही त्याच्याशीच जोडलेला आहे.

अशा ढगांच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक कण असतात. विमानाचा वेग मोजायला बाहेर 'पिटो ट्यूब' नावाच्या छोट्या नळ्या असतात. त्या गरम ठेवलेल्या असूनही बर्फाने तुंबल्या. वेगाचे आकडे चुकले आणि ऑटोपायलट सुटला. एरवी या विमानाचा कॉम्प्युटर स्टॉल होऊच देत नाही, पण वेगच कळेना म्हटल्यावर ते संरक्षणही गेलं.

कॅप्टन विश्रांतीला गेले होते, कॉकपिटमध्ये दोन को-पायलट होते. त्यातल्या एकाने नाक वर ओढलं. विमान ३५,००० फुटांवरून सुमारे ३८,००० फुटांवर गेलं, वेग घटला आणि स्टॉल झाला. इशारा वाजत राहिला, पण नाक वरच राहिलं. पिटो ट्यूब एका मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या होत्या. तोवर कोन मात्र हाताबाहेर चालला होता, पुढे तो ४० अंशांच्याही वर गेला. वेग इतका पडला की इशारा देणाऱ्या यंत्रणेला मिळणारी माहिती अवैध ठरायची आणि इशारा थांबायचा. नाक खाली केलं की तो पुन्हा सुरू व्हायचा. म्हणजे बरोबर केलं की इशारा आणि चुकीचं केलं की शांतता.

कॅप्टन परत आले, पण काय चाललंय ते त्यांनाही कळेना. शेवटचं मिनिट राहिलं असताना तो को-पायलट बोलला की आपण मघापासून नाक वरच धरलंय. तोपर्यंत सावरायला उंची उरली नव्हती. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं.

या अपघातानंतर तशा पिटो ट्यूब बदलल्या गेल्या आणि मोठ्या विमानांच्या पायलटनाही जास्त उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचा, स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सराव नव्याने देण्यावर जगभर भर दिला गेला. म्हणजे छोट्या विमानात पहिल्यांदा शिकलेला धडा हजारो तास उडवून झाल्यावरही पुन्हा गिरवायचा. स्टॉल झाला, की आधी नाक खाली.